‘फील-गुड’ डिस्को हाउस सेट: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका डिस्को हाउस सेटबद्दल, म्हणजे डीजेने सलग वाजवलेल्या, जुन्या डिस्को गाण्यांवर बेतलेल्या नाचाच्या संगीताबद्दल लिहितेय. ‘आनंददायी’ म्हटलं की सहलीचं वर्णन वाटतं. ‘झिंग आणणारा’ चालेल का? आणि यातल्या ‘हाउस’चा घराशी काही संबंध आहे का?

उत्तर : घराशी नाही. शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब होता, तिथे १९७७पासून डीजे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचे. हाउस हे नाव तिथूनच आलं, असं सहसा सांगितलं जातं. त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर १२ जुलै १९७९ला डिस्कोच्या रेकॉर्ड स्फोटाने उडवून दिल्या होत्या. डिस्को मेलं म्हणणाऱ्यांच्या गावातच ते नव्या रूपात उभं राहिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

‘झिंग’ मात्र नको. झिंगलेल्याचं भान सुटतं, इथे ते ठेक्यावर पक्कं असतं. मिनिटाला साधारण १२० ते १२५ ठोके, प्रत्येक मात्रेवर किक (मोठ्या ड्रमचा धप्पकन ठोका) आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मधे उघड्या हाय-हॅटचा (झांजांच्या जोडीचा) ‘त्स’. किक पाऊल खाली आणते, तो ‘त्स’ ते पुन्हा उचलतो. म्हणून तासभर नाचूनही अंग जड होत नाही.

दुसरं मत : मग ‘रंगतदार’ म्हणा. सेटला रंगत चढते, हे तर आपण म्हणतोच.

उत्तर : चांगला शब्द आहे, पण अटीतटीचा सामनाही रंगतदारच असतो. त्यातली धाकधूक इथे नसते. मला ‘खुलवणारा’ जास्त पटतो, आणि त्याचं कारण आवाजातच आहे. डीजे फिल्टर (आवाजातले काही सूर गाळणारं साधन) लावून जुन्या डिस्को गाण्याचा तुकडा आधी दबका करतो. व्हायोलिनं, गिटार, गाणारीचा आवाज, सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं. तोच तुकडा फिरत राहतो आणि फिल्टर हळूहळू उघडत जातो. आधी बासला (खालच्या, खर्जातल्या सुरांना) धार येते, मग गिटारचे तुटक फटकारे कळतात, शेवटी गळा मोकळा होतो आणि थांबलेली किक नेमकी तेव्हाच परत येते. समेवर आल्यासारख्या सगळ्यांच्या माना हलतात. आवाज खुलतो तशी ऐकणाऱ्याची कळीही खुलते. एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं!

प्रश्नकर्ती : ‘मन खुलवणारा सेट’ हे पटलं. टेक्नोलाही, म्हणजे यंत्रांवरच्या नाचाच्या संगीताच्या दुसऱ्या प्रकारालाही, हेच वापरू का?

उत्तर : सरसकट नको. कडक, काळोख्या टेक्नोची ओढ वेगळी, तिथे ‘गुंगवणारा’ शोभेल. आणि ‘ग्रूव्ह’ला ‘ठेका’ म्हणताना जरा जपून. ठेका मोजता येतो. बास किकच्या किंचित मागे रेंगाळतो, त्यातून जो झोका येतो तो ग्रूव्ह. तो शब्द मी तसाच ठेवेन.