रत्नागिरी सहल : थिबा पॅलेस ठेवायचा की काढायचा?

जोशी काका, ए-१०२ : चेअरमन साहेब, सहलीचं पत्रक वाचलं. 'सोमवार स. १० : ब्रह्मदेशच्या राजाने हौसेने बांधलेला राजवाडा.' हौसेने? अहो, थिबा कैदी होता. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीला आणून ठेवलं. वाडा इंग्रजांनी बांधून दिला. सोसायटीच्या लेटरहेडवर असलं काही जाऊ नये, एवढंच.

चेअरमन : नमस्कार काका 🙏 मजकूर नेटवरून घेतला होता. दुरुस्त करतो. आपण सहल समितीत या, अशी विनंती मी तेव्हाच केली होती.

जोशी काका, ए-१०२ : मी का आलो नाही ते आपल्याला ठाऊक आहे.

कदम, सी-४०१ : सोमवारी म्युझियम बंद असतं का? कोणी चौकशी केली आहे का?

रोहन, बी-२०३ : रत्नागिरीत कैद? रोज हापूस? मलाही पकडा 😄

सावंत वहिनी, बी-३०४ : रोहन, आमच्याकडचा जुलै बघ एकदा, मग हापूस आठव. आणि वाडा त्याला आल्या आल्या मिळाला नाही हां. २४ वर्षं साहेबाच्या जुन्या बंगल्यांत काढली. वाड्यात राहायला गेला १९१० मध्ये, आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. जेमतेम ६ वर्षं राहिला बिचारा.

देशमुख मॅडम, डी-१०१ : विषय निघालाच आहे तर गेल्या वर्षीच्या महाबळेश्वर सहलीचा हिशोब अजून ग्रुपवर आलेला नाही.

चेअरमन : मॅडम, तो वार्षिक सभेत मांडला आहे. आपण चहाच्या वेळी निघून गेला होतात.

रोहन, बी-२०३ : चहाचे पैसे पण त्याच हिशोबात आहेत का?

जोशी काका, ए-१०२ : हिशोबावरून सांगतो. थिबाला सरकारी तनखा होता, पण पुरायचा नाही. मंडालेहून आणलेले दागिने एकेक करून रत्नागिरीच्या सावकारांकडे गेले. वर नेमलेला इंग्रज अंमलदार राजाच्या खर्चाची झडती घ्यायचा ती वेगळीच.

देशमुख मॅडम, डी-१०१ : म्हणजे राजालाही हिशोब द्यावा लागत होता. आमची कमिटी मात्र राजाच्याही वर.

कदम, सी-४०१ : सोमवारी म्युझियम बंद असतं का?

नेने आजी, ए-३०१ : त्यापेक्षा टिळकांचं जन्मस्थान बघा. पुन्हा थिबा कशाला. लोकमान्यांचं घर राहिलं बाजूला.

जोशी काका, ए-१०२ : आजी, दोन्ही एकत्रच बघायची. टिळक जन्मले रत्नागिरीत, इंग्रजांनी त्यांना १९०८ मध्ये मंडालेच्या तुरुंगात टाकलं, १९१४ पर्यंत. गीतारहस्य तिथेच लिहिलं. तुरुंग कुठे, तर थिबाच्या किल्ल्याच्या आत. आणि तेव्हा त्या किल्ल्याचा मालक टिळकांच्या गावात. बहादूरशहालाही १८५८ मध्ये असंच रंगूनला धाडलं होतं. माणूस उचलायचा, समुद्रापलीकडे नेऊन ठेवायचा.

रोहन, बी-२०३ : काका, हे पत्रकात टाका. मी पण वाचेन.

जोशी काका, ए-१०२ : पत्रकात काय टाकायचं ते समिती ठरवते. मी साधा सभासद.

नेने आजी, ए-३०१ : बघण्यासारखं काय आहे तिथे? पायऱ्या किती?

सावंत वहिनी, बी-३०४ : पायऱ्या आहेत आजी, तुम्ही खालीच बसा, सावली छान आहे. जांभा नि लाल विटांचं बांधकाम, वर कौलं, अर्धगोल खिडक्या आणि त्यांना रंगीत काचा. दुपारी ऊन आत आलं की फरशीवर रंग पडतात, लहानपणी आम्ही तेच बघायला जायचो. मध्ये सरकारी पॉलिटेक्निक भरायचं तिथे. आता पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. राजाच्या वापरातल्या वस्तू आहेत, पण सोन्याचं सिंहासन बघायला मिळेल अशा समजुतीने कोणी येऊ नका.

रोहन, बी-२०३ : सिंहासन मंडालेला असेल ना?

जोशी काका, ए-१०२ : मंडालेचा राजवाडा १९४५ च्या लढाईत जळाला. आत्ता आहे तो नव्याने उभारलेला. ज्यात त्याला कोंडलं ते घर राहिलं.

सावंत वहिनी, बी-३०४ : थिबाच्या नातीचं कोणी बोलत नाही. थोरल्या राजकन्येला वाड्यावरच्याच एका मराठी नोकरापासून मुलगी झाली, टूटू. राणी १९१९ मध्ये मुलींना घेऊन ब्रह्मदेशात परत गेली, पण थोरली नि टूटू पुन्हा रत्नागिरीला आल्या. टूटूचं लग्न इथेच झालं, बोलायची अस्सल मराठी, आणि गेली गरिबीत. आजोबांच्या वाड्याच्या गावात. माझी आई तिच्याबद्दल बोलायला लागली की आवाज खाली आणायची.

नेने आजी, ए-३०१ : असलं ग्रुपवर नको. मुलं वाचतात.

सावंत वहिनी, बी-३०४ : शंभरावर वर्षं झाली आजी त्याला. आणि २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीवर फुलं वाहून गेले. त्यांना लाज वाटली नाही.

देशमुख मॅडम, डी-१०१ : समाधीही कार्यक्रमात घ्या. तिकिटाचा खर्च नाही. हिशोब सोपा.

चेअरमन : सर्वांना विनंती, ग्रुपवर फक्त सहलीसंबंधीच लिहावे 🙏

रोहन, बी-२०३ : सगळं सहलीसंबंधीच चाललंय सर.

कदम, सी-४०१ : सोमवारी म्युझियम बंद असतं का? हे मी तिसऱ्यांदा विचारतो आहे.

सावंत वहिनी, बी-३०४ : थांबा, भावाला फोन केला होता, तो तिथेच मागे राहतो. सोमवारी बंदच असतं म्हणाला.

कदम, सी-४०१ : 🙏

चेअरमन : ठीक आहे. रविवारी थिबा पॅलेस आणि समाधी, सोमवारी गणपतीपुळे. सुधारित पत्रक जोशी काका लिहून देतील.

जोशी काका, ए-१०२ : मी होकार दिलेला नाही. रात्रीपर्यंत पाठवतो.

कदम, सी-४०१ : रविवारी बस लावायला जागा मिळते का तिथे? कोणी चौकशी केली आहे का?

देशमुख मॅडम, डी-१०१ : आणि महाबळेश्वरचा हिशोब?