‘निश्चित आशा’ हा शब्दप्रयोग सदोष आहे का?

प्रश्न : ख्रिस्ती अंत्यविधीच्या प्रार्थनेत, पुनरुत्थानाच्या ‘निश्चित आशेने’ देह मातीला देत असल्याचे शब्द कानी पडले. जे निश्चित आहे त्याची आशा कशासाठी करायची? तेथे ‘खात्री’ हा शब्द अधिक योग्य ठरला नसता का?

प्रतिसाद : शंका रास्त आहे, कारण मराठीत ‘आशा’ या शब्दाकडे पूर्वीपासून थोड्या संशयानेच पाहिले गेले आहे. ‘आशा सुटेना आणि देव भेटेना’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. तुकोबांनी तर आशा, तृष्णा आणि माया यांना एकाच ओळीत अपमानाचे बीज म्हटले आहे. ‘आशाळभूत’, ‘आशेला लावणे’, ‘खोटी आशा दाखवणे’ या प्रयोगांतही तोच भाव आहे. या आशेचा उगम माणसाच्या स्वतःच्या इच्छेत असतो, म्हणून ती बंधन ठरते. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात हाच शब्द आला, परंतु तेथे तिचा आधार आशा बाळगणाऱ्याच्या इच्छेत नसून वचन देणाऱ्याच्या विश्वासूपणात आहे. ‘निश्चित’ हे विशेषण त्या आधाराला उद्देशून आहे.

माझ्या मते खरा अर्थभेद नामापेक्षा क्रियापदात दिसतो. आपण सहसा ‘आशा करतो’. मराठी बायबलमध्ये मात्र ‘आशा धरणे’ हा प्रयोग ठळकपणे येतो. ‘धरणे’ म्हटले की हाताला काहीतरी लागले पाहिजे. येथे मूळ हिब्रू शब्द पाहण्यासारखा आहे : आशेसाठी असलेल्या ‘तिक्वा’ या शब्दाचा दुसरा अर्थ दोरी असा आहे, आणि बायबलमधील यहोशवा या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, इस्राएली हेरांना लपवणारी यरीहो नगरातील राहाब आपल्या खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते, तिच्यासाठी हाच शब्द वापरलेला आहे. यरीहो पडेल तेव्हा आपले घर वाचेल याचा तिच्याजवळ त्या दोरीखेरीज आणि हेरांच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता. भाषांतरकारांनी हे ध्यानात ठेवून ‘धरणे’ निवडले असेल असे मी म्हणणार नाही. पण निवड अचूक पडली आहे.

बायबलमधील स्तोत्र 42 मध्ये ‘आशा धरणे’ याचा वापर कसा होतो हे पाहावे. तेथे खिन्न झालेला भक्त स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का तळमळत आहेस, आणि त्यालाच बजावतो, ‘देवाची आशा धर’. स्तोत्र 42 व 43 मिळून हे कडवे तीनदा येते. म्हणजे पहिल्यांदा बजावल्याने खिन्नता गेलेली नाही. प्रेषित पौलही बायबलमधील रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटापासून धीर, धीरापासून शील आणि शीलापासून आशा असा क्रम लावतो. आशा सुरुवातीला हाती असलेले भांडवल आहे, असे त्याला म्हणायचे नाही.

पुरवणी प्रश्न : इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा ‘नांगर’ म्हटले आहे. तेथे शेत कोठून आले?

प्रतिसाद : शेत नव्हे, समुद्र. मराठीत नांगर हा शब्द दोन्हीकडे चालतो. किनाऱ्यावरचा कोळी ‘होडी नांगरली’ म्हणतो तेव्हा कोणी जमीन उकरलेली नसते. देशावरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र प्रथम बैलजोडी उभी राहते, आणि मी स्वतः लहानपणी हे वचन तसेच समजत होतो. रोममधील प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी जो नांगर कोरला आहे, तो जहाजाचाच. पाण्याखाली गेलेला नांगर दिसत नाही, दोर मात्र ताणलेला जाणवतो.

यावरून मूळ प्रश्नाचेही उत्तर मिळते. ‘खात्री’ घातली तर वाट पाहण्याचा अर्थ नाहीसा होतो, आणि जे डोळ्यांना दिसते त्याची आशा कोण धरील, असे पौल रोमकरांस पत्राच्याच आठव्या अध्यायात विचारतो. म्हणून प्रार्थनेतील ‘निश्चित आशेने’ हा प्रयोग तसाच ठेवावा.