अनुभव धागा: समूहातल्या लेखनाचा दर्जा, टिकलेला आणि हातचा गेलेला

गेल्या महिन्यात एका जुन्या समूहातून बाहेर पडले. भांडणतंटा काही नाही. उघडलं की वाचण्यासारखं काही हाती लागेना, एवढंच. एकेकाळी तिथे लोक इतकं मन लावून लिहायचे की मी कामं टाकून वाचत बसायचे. तुम्ही समूह चालवला असेल, त्यात लिहिलं असेल किंवा तुमची पोस्ट उडवली गेली असेल, तर लिहा. उपदेश नकोत, घडलेलं सांगा.

*

मी झाडांच्या समूहाची अ‍ॅडमिन. रोज एक तरी फोटो आणि खाली, "पानं पिवळी पडलीत, काय करू?" उत्तरं धडाधड. कुणी म्हणे पाणी वाढवा, कुणी म्हणे कमी करा, कुणी खताचं नाव फेकून मोकळं. ज्यांना खरंच कळतं ते दोघं-तिघं हळूहळू गप्प झाले. एकांना विचारलं तर म्हणाले, "अहो, खालची जुनी पानं पिवळी पडलीत की शेंड्याची कोवळी, एवढं तरी कळू द्या. जुनी असतील तर नत्र कमी पडत असेल. कोवळी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाचा संशय. पाणी साचून मुळंच कुजली असतील तर मग खत घालून काय होणार?"

मी तेच उचललं. कोणती पानं, पानाच्या मागच्या बाजूचा फोटो, ऊन किती तास, पाणी कधी घातलंत. हे लिहिल्याशिवाय प्रश्न घ्यायचा नाही. "परीक्षा घेताय का?" हेही ऐकून घेतलं. पण फोटोसाठी पान उलटलं की बऱ्याच जणांना पिठ्या ढेकूण, म्हणजे पानांचा रस शोषणारी पांढरी कीड, तिथेच दिसायचे आणि प्रश्न विचारायची वेळच यायची नाही. गप्प झालेल्यांपैकी एक जण परत आले. बाकीचे नाही आले.

*

माझी पोस्ट उडवली होती. दोन रात्री जागून लिहिलेली. सकाळी बघतो तर गायब, ना निरोप ना कारण. चार महिने तिकडे फिरकलो नाही. नंतर कळलं, विषय आधीच दुसऱ्या चर्चेत चालू होता म्हणून काढली. बरोबरच होतं त्यांचं. पण एक ओळ लिहिली असती तर मीच तिकडे हलवली असती की!

*

वरच्यांना: अ‍ॅडमिनच्या बाजूनं सांगतो. रोज वीस जणांना ती एक ओळ लिहावी लागते, आणि त्यातले पाच जण त्या ओळीवर वाद घालतात. तरी लिहायला हवी, हे मान्य.

*

यूझनेटचा, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-गटांचा जमाना पाहिलेला माणूस आहे मी. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुलं यायची, धुडगूस घालायची, महिन्याभरात जुन्यांचं बघून वळणावर यायची. मग घरोघरच्या इंटरनेट जोडण्या आल्या आणि नव्यांचा ओघ थांबेचना. म्हणून 1993चा सप्टेंबर संपलाच नाही, असं अजून म्हणतात. नव्यांचा दोष नव्हता. शिकवायला जुने पुरले नाहीत.

*

प्रोग्रामर आहे. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट. मी नवा असताना तिथे 50 गुण झाल्याशिवाय दुसऱ्याच्या पोस्टखाली टिप्पणी करता यायची नाही. तेव्हा चिडचीड व्हायची, आता त्यातलं शहाणपण कळतं. चॅटजीपीटी आल्यावर डिसेंबर 2022मध्ये तिथे त्याच्याकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी आली. कडक वाटली होती. मग आमच्याच ग्रुपवर एकानं असं उत्तर टाकलं: सुबक, मुद्देसूद, आणि त्यात वापरलेलं फंक्शन त्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) अस्तित्वातच नाही! टाकायला त्याला मिनिट लागलं असेल. मी दुपारभर ते फंक्शन शोधत होतो.

*

आमच्या कवितांच्या समूहात प्रत्येक कवितेखाली "वा!", "अप्रतिम!", "क्या बात!". सगळे खूश, आणि कविता जिथल्या तिथे. कुणीतरी सुचवलं: आपली कविता टाकण्याआधी दुसऱ्या दोघांच्या कवितांवर लिहायचं, आणि "वा" धरायचा नाही. पहिले काही दिवस स्मशानशांतता. मग एका बाईंनी माझ्या कवितेखाली लिहिलं, "तिसऱ्या कडव्यात 'अलवार' का आलाय? दुसऱ्यातल्या 'हळुवार'शी यमक जुळवायला ना?"

तेवढ्यासाठीच आला होता. राग आला, फोन पालथा घातला. रात्री शब्द खोडला. कडवं लंगडं पडलं, म्हणून तेही काढलं. कविता आता दोनच कडव्यांची आहे. बाईंना अजून सांगितलेलं नाही.