दर्याई नारळ तरंगत नाही

काहींचं म्हणणं असतं की दर्याई नारळ (कोको-द-मेर या माडाचं फळ) समुद्रातून वाहत जातो, म्हणजे बेटाबेटांत जनुकांची देवाणघेवाण होत असणारच. तसं नाही हो. ताजं फळ बुडतं. आपल्याकडे वाहत आलेली, ज्यांचे कमंडलू झाले, ती आतून कुजून पोकळ झालेली. हिंदी महासागरातल्या सेशेल्स या द्वीपदेशाच्या प्रास्लिन आणि क्युरियूज या दोनच बेटांवर हा माड मुळात रानात उगवतो. 20 किलोपर्यंत, कधी त्याहूनही जड बी आईच्या पायथ्याशीच पडतं, फार तर उतारावरून थोडं घरंगळतं. त्यामुळे शेजारी झाडं बऱ्याचदा एकाच आईची लेकरं. नर-मादी झाडं वेगळी, म्हणून दूरचं रक्त येतं ते परागांतूनच. रोपं लावताना बिया वेगवेगळ्या माद्यांच्याच घ्यायला हव्यात, असं मला कळकळीने वाटतं.