भिवंडी–नागपूर 18 तासांत, गाडीवर एकच ड्रायव्हर: जबाबदारी कोणाची?

डिस्पॅच_भिवंडी
भिवंडीच्या गोदामातून समृद्धीने नागपूर 720 किमीच्या आसपास पडतं. पार्टीची अट आहे की गेट पास झाल्यापासून 18 तासांत माल पोचला पाहिजे. उशीर झाला की भाडं कापतात आणि मालक ती कपात ड्रायव्हरच्या भत्त्यातून वळती करतो. गाडीवर एकच ड्रायव्हर, क्लीनर नाही. दुपारी 2 ला गाडी लोडिंगला लागते, रात्री 8 ला सुटते. डुलकी लागून काही झालं तर मालकावर काय येतं? मालकाला पटेल असं वेळापत्रक कसं मांडू? थांबलो तर ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मुदतीबाहेर जाईल, असंही तो म्हणतो.

कामगार_कायदा
1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास काम होतं. लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन 10 आणि 54. सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, दोन ड्यूट्यांमध्ये सलग 9 तास सुट्टी. 2020 च्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांवरच्या कोडमध्ये (कामगार संहितेत) हा कायदा विलीन झाला, तो कोड 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे आणि दिवसाचे 8 तास तिथेही आहेत.

लोडिंगची वेळ ही खरी मेख आहे. टर्मिनलवर नुसतं थांबणं 15 मिनिटांच्या आतलं असेल तरच कामाच्या तासांत धरायचं, अशी जुन्या कायद्याची व्याख्या होती, आणि मालक तीच पुढे करतात. पण विश्रांती धरून सगळी ड्यूटी 12 तासांत संपली पाहिजे, असंही त्याच कायद्यात होतं. या हिशेबाने दुपारी 2 ला लागलेला माणूस रात्री 2 ला थांबला पाहिजे. तेव्हा तुमची गाडी छत्रपती संभाजीनगरच्या जवळपास असेल, नागपूर अजून 440 किमी.

मोटार वाहन कायद्याचं कलम 183 मालकाला वाचायला द्या. वेगमर्यादा मोडल्याशिवाय पुरं होणार नाही असं वेळापत्रक काढणं किंवा तसा हुकूम देणं, हाच हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो.

फ्लीट_हिशेब
183 चा मुद्दा बरोबर आहे, पण इथे तो थेट बसत नाही. मालट्रकला चौपदरीवर आणि द्रुतगतीवर मर्यादा 80 ची आहे. 720 किमी 18 तासांत त्या मर्यादेत बसतात. अट 8 तासांची असती तर 183 भक्कम ठरलं असतं. 18 तासांच्या अटीत मोडतात ते कामाचे तास आणि झोप. मालकाशी भांडायचं ते त्यावर.

ड्रायव्हर सकाळी 7 ला उठला असेल तर रात्री 12 ला त्याला जागून 17 तास होतात. इतक्या जागरणाचा परिणाम रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा होतो, आणि आपल्याकडची कायदेशीर मर्यादा 0.03 आहे. त्या वेळी गाडी जेमतेम शिर्डीच्या पुढे असते. पहाटे 2 ते 5 शरीर सगळ्यात मंद असतं. त्यात समृद्धी सरळसोट, ना सिग्नल ना गाव. 80 च्या वेगात 4 सेकंद डोळा लागला तर गाडी 89 मीटर आपोआप जाते. चहा-तंबाखूने हे टळत नाही, गाडी बाजूला घेऊन झोपावंच लागतं.

आता वेळापत्रक. भरलेल्या गाडीची सरासरी 50 धरा. संध्याकाळी लोडिंग उरका, डॉकवर गाडी लावायला यार्डचा वेगळा ड्रायव्हर ठेवा. गेट पास पहाटे 5 ला. पहिला ड्रायव्हर 375 किमी, मध्ये अर्धा तास, दुपारी 1 ला सिंदखेड राजाजवळ. तिथे बदली. दुसरा ड्रायव्हर उरलेले 345 किमी, पुन्हा अर्धा तास, रात्री साडेआठच्या सुमारास नागपूर. एकूण साडेपंधरा तास, पार्टीच्या अटीच्या आत! पहिला माणूस रात्रभर झोपून दुसऱ्या दिवशी परतीची गाडी भिवंडीला आणतो. खर्च बदलीच्या जागी खोली, खाटा, पंखा आणि संडास-बाथरूमचा. दोन ड्रायव्हर एकाच केबिनमध्ये बसवून चालत्या गाडीत झोपवणं हा यावरचा उपाय नव्हे, ती झोप हिसक्यांत तुटते.

डिस्पॅच_भिवंडी
राष्ट्रीय परमिटवर दोन ड्रायव्हर सक्तीचे आहेत ना? आणि ई-वे बिल?

फ्लीट_हिशेब
ती सक्ती 2018 ला काढली. ई-वे बिलाला 200 किमी किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो, म्हणजे 720 किमीला 4 दिवस. शिवाय मुदत संपायच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत वाढवता येतं. ई-वे बिलाचं कारण सांगून कोणालाही रात्रभर हाकू नये.

कामगार_कायदा
अपघातात कोणाचा जीव गेला तर गुन्हा आधी ड्रायव्हरवर लागतो, भारतीय न्याय संहितेच्या 106(1) खाली, पाच वर्षांपर्यंत. हुकूम देणारा ऑफिसात सुरक्षित राहतो, कारण हुकूम फोनवर गेलेला असतो. म्हणून वेळापत्रक लेखी काढा, त्यावर सुटण्याची, विश्रांतीची आणि पोचायची वेळ लिहा. गेट पासची आत-बाहेर वेळ, फास्टॅगचं स्टेटमेंट आणि जीपीएसचा लॉग जपून ठेवा. गाडी 15 मिनिटं थांबली की ड्रायव्हरला फोन जातो, ती जीपीएसची सूचना बंद करा आणि साडेचार तास न थांबता चालली तर वाजेल अशी लावा. भत्त्यातली कपात मात्र आधी थांबवा. ती चालू असेपर्यंत ड्रायव्हर खाट असली तरी झोपणार नाही. पार्टीबरोबरच्या करारात लोडिंगला 4 तासांवर हॉल्टिंग (गाडी थांबवल्याचं भाडं) लावा, म्हणजे गोदामाचा उशीर भिवंडीतच मोजला जाईल.