मदत हवी आहे: दक्षिण ल्होनाकच्या नकाशात सावलीही पाणी म्हणून येतेय

सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवराची, ऑक्टोबर २०२३च्या फुटीआधीची आणि नंतरची हद्द सेंटिनेल-२ उपग्रहाच्या इमेजवरून आखतोय. बी३ (हिरवा) आणि बी८ (जवळचा अवरक्त) या १० मीटरच्या बँडवरून एनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखायचा निर्देशांक) काढतो, थ्रेशोल्ड ०.३, म्हणजे त्याच्या वर ते पाणी. पावसाळ्यात ढग, हिवाळ्यात बर्फ, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्याच इमेज उरतात. तेव्हा सूर्य खाली, त्यामुळे कड्याची सावली पाण्यात मोजली जाते. १० अंशांहून जास्त उतार वगळला की सावली जाते. पण हा उतार ज्यावरून काढतो त्या कोपर्निकस डीईएमची (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) मोजणी २०११ ते २०१५ची. तेव्हा जिथे हिमनदीचं उताराचं तोंड होतं तिथे नंतर पाणी पसरलं, म्हणजे नेमका वाढलेला भागच कापला जातो! हाताने दुरुस्ती केली तर वर्षावर्षांची तुलना विश्वासार्ह राहत नाही.

उताराऐवजी सूर्याच्या कोनावरून सावलीचा मास्क (वगळायच्या भागाचा थर) कुणी केलाय का? आणि सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह वापरत असाल, तर वाऱ्याने पाणी खवळलेल्या दिवशी थ्रेशोल्ड कसा ठरवता?