पंखाला पीळ बसलाय: १/२४ स्पिटफायर, पाइनमधून कोरलेलं

प्रश्न (फर्मा_आणि_फळी):

चार महिने स्पिटफायर मार्क १ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं लाकडी मॉडेल कोरतोय, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचं. किट नाही. ड्रॉइंगवरून जाड कार्डाचे फर्मे कापले आणि पाइनच्या फळीला हात घातला. खरं विमान पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११.२३ मीटर, म्हणजे माझं ४६.८ सेंटिमीटर.

उजवा पंख मनासारखा उतरला. डाव्याची आधी फक्त वरची बाजू पूर्ण केली. पॉलिश पेपर मारल्यावर इतकी सुरेख दिसली की त्याच रात्री सँडिंग सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे, दोन हात देऊन टाकले. खालची बाजू चार दिवसांनी हातात घेतली. काचेवर ठेवून बघतो तर मुळाचा भाग टेकतोय, पण टोकाजवळ मागची कड ३ मिलिमीटर खाली आणि पुढची वर. बोटाने दाबला की सरळ होतो, सोडला की परत तिथेच.

दुसरं दुखणं धडाचं. वरून पाहिलं की नाक किंचित डावीकडे जातं. मधली रेघ तीनदा आखली आणि तिन्ही वेळा पटाशीखाली गेली.

वाफ देऊन पंख सरळ होईल का? चार महिन्यांचं काम टाकून द्यायला हात होत नाही.

उत्तर १ (हलकं_लाकूड):

वाफ देऊन बघा. उकळत्या पाण्याच्या वाफेवर दोन मिनिटं धरा, उलट्या बाजूला जरा जास्तच पिळा आणि पट्ट्यांमध्ये बांधून रात्रभर ठेवा. माझा बाल्साचा पंख असाच सरळ झाला होता.

उत्तर २ (पॅटर्नवाला):

बाल्साला चालतं, कारण ते मऊ आणि तिथे पंख पातळ. इथे मुळाशी जाडी रुंदीच्या १३ टक्के आहे, म्हणजे चांगला सेंटिमीटरभर पाइन. वाफेने आज वळेल, हवा बदलली की परत फिरेल. शिवाय वर सीलर आहे, त्या बाजूने वाफ आत शिरणारच नाही.

मी तीस वर्षं फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे साचे घ्यायचे नमुने, केले. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: एका बाजूचं लाकूड काढलं तर त्याच दिवशी दुसऱ्या बाजूचंही तेवढंच काढायचं. फळीच्या आत ताण असतो. एक बाजू उघडली की तो मोकळा होतो. त्यात तुम्ही वरची बाजू सीलरने बंद केली आणि खालची उघडी ठेवली, म्हणजे चार दिवस हवेतली ओल एकाच बाजूने आत-बाहेर झाली. नुसती वाटीसारखी न वाकता पिळली, याचा अर्थ लाकडाचा रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, फळीत तिरका गेलाय. फळीच्या कडेवर बघा, रेषे कडेला समांतर नसणार.

नवा पंख कापा. पण एका जाड फळीतून नको. तीच फळी उभी चिरून दोन पातळ पट्ट्या करा आणि चार-पाच दिवस हवेत उभ्या ठेवा. मग रंधा मारून, फळीच्या टोकाच्या कापावर दिसणाऱ्या रिंगांचा वाक एकमेकींच्या उलट येईल अशा चिकटवा. एक वर ओढेल, दुसरी खाली. गोंदात थेंबभर काळी शाई कालवा. कडेवर बारीक काळी रेघ दिसेल, आणि ती कितीही कोरलंत तरी जाणार नाही. पुढची-मागची कड त्या रेघेवरून धरायची.

धडालाही हीच युक्ती. पेन्सिलची रेघ पटाशीखाली जाणारच, म्हणून रेघ लाकडाच्या आत असली पाहिजे. पॅटर्नमध्ये आम्ही दोन ठोकळे मध्ये कागद घालून चिकटवायचो, बाहेरून पूर्ण कोरायचो आणि शेवटी सांध्यात पातळ पटाशी घालून अलगद उघडायचो. कागद फाटतो, लाकूड शाबूत राहतं. मग कॉकपिट आतून कोरायचं. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे खरं लाकडी विमानही असंच दोन अर्ध्या धडांचं होतं. बाहेर-आत बर्चची प्लाय, मध्ये बाल्सा, आणि अर्धी धडं उघडी असतानाच आतलं बरंचसं सामान बसवून मग जोडायचे. १९४० च्या नोव्हेंबरात ते पहिल्यांदा उडालं.

तुमचं धड टाकू नका. वरून खाली मधोमध चिरा, दोन्ही तोंडं रंध्याने सपाट करा आणि करवतीने खाल्लेल्या जाडीची गडद लाकडाची पट्टी मध्ये घाला. ती तुमची मधली रेघ. मग फर्म्याच्या आतल्या कडेला मऊ पेन्सिल घासून तो धडावर टेकवा. उंचवट्यावर काळा डाग उमटतो, तेवढाच खरवडा. परत टेकवा. डाग सगळ्या कडेभर एकसारखा आला की हात थांबवायचा. धीर धरलात तर नाक सरळ येईल.

उत्तर ३ (वारा_आणि_कड):

पॅटर्नवाल्यांनी सगळं सांगितलंय, एकच भर. नवा पंख काचेवर अगदी सपाट करू नका! स्पिटफायरच्या पंखात पीळ मुद्दाम आहे. मुळाशी पुढची कड २ अंश वर, टोकाला अर्धा अंश खाली. त्यामुळे वेग उतरल्यावर पंख मुळाकडे आधी उचल सोडतो, विमान थरथरून पायलटला सावध करतं आणि टोकाकडचे एलरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा, तोवर काम देतात. तुमच्या डाव्या पंखाला नेमका उलटा पीळ बसलाय. उजवाही एकदा तपासा, तो सपाट असेल तर तोही बरोबर नाही.

फर्मा_आणि_फळी:

उजवा तपासला. सपाटच आहे. खूप वाईट वाटलं, पण तोही नवीन करतोय.

पॅटर्नवाले काका, कडेवर बघितलं, रेषा खरंच तिरका होता. दुसरी सरळ रेष्याची फळी घेऊन चिरली, पाच दिवस उभी ठेवली आणि आज सकाळी शाई घातलेल्या गोंदाने दोन्ही पंखांच्या पट्ट्या चिकटवल्या. सहा क्लॅम्प लावलेत.

पॅटर्नवाला:

क्लॅम्प फार आवळू नका, सगळा गोंद बाहेर येऊन सांधा कोरडा पडतो. कडेने बारीक थेंब दिसले की पुरे. उद्या संध्याकाळपर्यंत उघडू नका.